चलच्चित्रणाचा हातकॅमेरा : गुण आणि दोष

कोणतेही यंत्र घ्यावयाचे झाल्यास त्याची नुसती स्तुती ऐकून भागत नाही. ते कोणते काम चांगले करते, कोठे अपुरे पडते आणि आपले काम नेमके कोणते आहे, या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो. हातात धरून चालते चित्र टिपणाऱ्या घरगुती एच. डी. कॅमेऱ्याची, म्हणजेच कॅमकॉर्डरची, पारख अशीच करावयास हवी.

चलच्चित्रणाची हौस महाराष्ट्राला नवी नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि 1899 साली मुंबईत हँगिंग गार्डन येथे झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी तर 1918 च्या सुमारास असा कॅमेरा स्वतःच घडविला. त्या काळी हाताने दांडा फिरवून फिल्म पुढे सरकवावी लागे, आणि फिल्म रसायनात धुतल्यावाचून चित्र दिसत नसे. आजच्या कॅमेऱ्यात यांपैकी काहीच नाही. भिंगातून आलेला प्रकाश एका चिमुकल्या संवेदकावर पडतो. संवेदक त्याचे विद्युत्संकेतांत रूपांतर करतो आणि ते संकेत आकड्यांच्या रूपाने मेमरी कार्डावर साठविले जातात.

एच. डी. चित्राची स्पष्टता कशात आहे? पूर्ण एच. डी. चित्रात आडव्या ओळीत 1920 आणि उभ्या ओळीत 1080 बिंदू असतात. म्हणजे एका चित्रात 20,73,600 बिंदू झाले. आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणीच्या अंकीय चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 बिंदू असत. नवे चित्र बरोबर पाचपट भरते! अशी 25 चित्रे दर सेकंदाला डोळ्यांपुढून सरकली, की आपणांस गती दिसू लागते.

आता गुण पाहू. देहूहून निघालेली श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याकडे जाताना आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. त्या वेळी रस्त्यावर एवढी दाटी असते, की पालखीजवळ जाणे कठीण होते. कॅमकॉर्डरची भिंगे आतल्या आत पुढेमागे सरकतात आणि दूरचे दृश्य जवळ आणतात; त्यामुळे बाजूच्या गच्चीवरूनही वीणेकऱ्याची मुद्रा स्पष्ट टिपता येते. साध्या मोबाइल फोनमध्ये पुष्कळदा टिपलेलेच चित्र ताणून मोठे केले जाते, आणि ते पुसट होते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात लेथ यंत्रावरील काम शिकणाऱ्या उमेदवारास हाच गुण उपयोगी पडतो. फिरत्या लोखंडावरून निघणारा कीस सुरक्षित अंतरावरून टिपावा व पुनःपुन्हा पाहून हत्याराची चाल समजून घ्यावी. शिवाय हा कॅमेरा मुठीत नीट बसतो, तिपाईवर घट्ट बसविता येतो, संपलेली बॅटरी बदलता येते, आणि मध्येच कोणाचा फोन येऊन चित्रणात खंड पडत नाही.

परंतु दोषही दृष्टिआड करू नयेत. घरगुती कॅमेऱ्यातील संवेदक लहान असतो. त्यामुळे रात्रीच्या कीर्तनासारख्या मंद प्रकाशातील प्रसंगी चित्रात बारीक दाणे उमटतात. भिंग दूरवर रोखले, की हाताचा लहानसा कंपही मोठा दिसतो. फार वेगाने फिरणारे चाक कधी स्थिर, तर कधी उलट फिरत असल्याचे भासते. कारण दोन चित्रांच्या मध्ये झालेली हालचाल कॅमेऱ्यास दिसतच नाही. यंत्रशाळेच्या घरघरीत शिक्षकांचा आवाज बुडून जातो, तो वेगळाच. आणि कारखान्यात परवानगीवाचून चित्रण करणे गैर होय, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठी अडचण साठवणुकीची आहे. सेकंदाला 24 मेगाबिट या गतीने चित्रण केले, तर एका तासास सुमारे 11 गिगाबाइट जागा लागते. 16 गिगाबाइटचे कार्ड दीड तासात भरते. मग जुने पुसून नवे टिपण्याचा मोह होतो. पुसलेले मात्र परत मिळेलच, असे नाही. सावेदादांनी टिपलेली ती कुस्ती आज कोणास पाहावयास मिळत नाही. चित्रपट असे नाहीसे होऊ नयेत, म्हणूनच 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. घरच्या चित्रणासाठी असे संग्रहालय आपले आपणच व्हावयाचे असते: एक प्रत संगणकावर, दुसरी निराळ्या ठिकाणी, आणि प्रत्येकीवर दिनांक व प्रसंग लिहिलेला.

मग हा कॅमेरा घ्यावा की न घ्यावा? वर्षातून एखादा वाढदिवस टिपावयाचा असेल, तर घरातील फोन पुरेसा आहे. नव्या खर्चाची गरज नाही. मात्र दोन तासांचे नाटक, दूरवरून पाहावा लागणारा सोहळा किंवा यंत्रावरील कामाचा पाठ टिपावयाचा असेल, तर कॅमकॉर्डर आपली किंमत वसूल करून देतो. विकत घेण्यापूर्वी तो एक दिवस कोणाकडून मागून आणावा, उजेडात व अंधारात चालवून पाहावा, आणि मगच निर्णय करावा.