वालुकाश्माच्या टेकड्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात लालसर, पिवळसर वालुकाश्माच्या टेकड्या आहेत. त्यांच्याविषयीचे काही समज वर्षानुवर्षे चालत आले आहेत. ते तपासून पाहिले पाहिजेत.

समज: महाराष्ट्रातला प्रत्येक डोंगर ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा असतो.

सह्याद्री पाहून वाढलेल्याला असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टनेच व्यापला आहे. पूर्व विदर्भ मात्र वेगळा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर बल्लारपूर, घुग्घुसचा कोळसा ज्या गोंडवाना खडकांत सापडतो ते २५ कोटी वर्षांहून जुने आहेत. या खडकांत वालुकाश्माचे थरच्या थर आहेत.

समज: वालुकाश्म आहे, म्हणजे इथे कधीकाळी वाळवंट होते.

हा तर्क निराधार नाही. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानाचे उंच कडे खरोखरच ज्युरासिक युगातल्या वाळवंटी टेकाडांचे दगड झालेले आहेत. पण वाळू नद्याही वाहून आणतात. वाऱ्याने साठवलेले कण बहुधा एकसारखे बारीक असतात. नदीच्या वाळूत जाड-बारीक कण आणि गोटे मिसळलेले दिसतात. सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून नाव पडलेल्या ज्युरासिक खडकांत वालुकाश्माबरोबर चुनखडीही आहे आणि तिच्यात माशांचे जीवाश्म मिळाले आहेत. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या याच खडकांत बारापासॉरस या अजस्र शाकाहारी डायनोसॉरच्या हाडांसोबत मोठाली दगडी खोडे सापडली. मासे, झाडे आणि एवढे खाणारा प्राणी कोरड्या वाळवंटात नांदत नाहीत. इथे नद्या होत्या, तळी होती.

समज: टेकडी जमिनीतून वर आली.

सपाट रानात एकटी उभी टेकडी पाहिली की तसेच वाटते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी भोवतालची जमीन खाली गेली आहे. मऊ, मातकट थर पावसापाण्याने धुऊन गेले. लोह किंवा सिलिकाने कण घट्ट बांधलेला वालुकाश्म टिकला. माथा म्हणजे झिजेतून उरलेला भाग.

समज: दगड झालेल्या लाकडाचा एक तुकडा नेला तर काय बिघडते?

जमिनीवर असे तुकडे विखुरलेले दिसले की ते संपणार नाहीत असे वाटते. पण गाळात गाडलेल्या खोडात सिलिकायुक्त पाणी झिरपून पेशीन् पेशी दगड व्हायला फार मोठा काळ जातो. तुकडा उचलला की तो कोणत्या थरात होता, शेजारी काय होते, ही माहिती कायमची जाते. नंतर तो परत आणून ठेवला तरी ती मिळत नाही. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला जीवाश्म पार्क आहे. तिथे जा, डोळे भरून पाहा, फोटो काढा. दगड मात्र जागच्या जागी राहू द्या.