पन्हाळ्याचा घाट आणि स्पोर्ट्स कारची स्प्रिंग

कोल्हापूरला कुस्तीइतकेच मोटारींच्या शर्यतींचेही वेड आहे. येथील मोहिते रेसिंग अकादमीच्या धावपट्टीवर अनेक तरुणांनी वेगाचे पहिले धडे गिरवले. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला. अशा शहरात हौसेने घेतलेल्या स्पोर्ट्स कारला कडक स्प्रिंगा बसवून घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. गाडी खाली बसते, वळणावर कलत नाही आणि शर्यतीच्या गाडीसारखी भासते. परंतु ही गाडी धावपट्टीवर नव्हे, तर रोजच्या रस्त्यावर चालणार असते. तेथे स्प्रिंगची निवड चुकली, तर केवळ पाठच दुखत नाही. प्रसंगी गाडीचा ताबाही सुटू शकतो.

कोल्हापूर ते पन्हाळा हे अंतर सुमारे २० किलोमीटरचे. शिवाजी पूल ओलांडल्यावर काही काळ सपाट रस्ता, हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या, वाटेतल्या गावांतील गतिरोधक आणि वाघबीळपासून गडाकडे चढणारी वळणे असे सारे प्रकार या टप्प्यात अनुभवास येतात. पावसाळ्यात धुके आणि ओला रस्ता यांची त्यात भर पडते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत तर गडाचा मुख्य रस्ताच खचला होता. स्प्रिंग किती कडक असावी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी याहून चांगली कसोटी क्वचितच सापडेल.

स्प्रिंगचे खरे काम

गाडीला रस्त्यावर धरून ठेवतो तो टायर. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो आणि ब्रेक, वळण, वेग हे सर्व त्याच्याच भरवशावर चालते. खळगा आला की चाक खाली जाऊन जमिनीला टेकलेले राहावे, उंचवटा आला की ते वर सरकावे आणि गाडीचा सांगाडा मात्र शक्य तितका स्थिर राहावा, हे स्प्रिंगचे काम. स्प्रिंग अतिकडक असेल, तर चाक रस्त्याचा चढउतार अनुसरण्याऐवजी उसळी घेते. सपाट धावपट्टीवर हे फारसे जाणवत नाही. घाटातील वळणावर उखडलेल्या डांबराची कड लागली, तर मात्र नेमक्या गरजेच्या क्षणी टायरची पकड जाते.

कडक स्प्रिंगमुळे वळणावर बाहेरच्या चाकांकडे वजन कमी सरकते, हा समजही खरा नाही. किती वजन सरकणार, हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील रुंदी आणि वळणाचा वेग यांवर ठरते. स्प्रिंगमुळे गाडी किती कलणार, हे बदलते. तसेच सरकणाऱ्या वजनाचा पुढच्या आणि मागच्या चाकांवरील वाटा बदलतो. केवळ पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या, तर गाडी वळणात बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते. केवळ मागच्या केल्या, तर शेपूट सुटण्याची भीती असते.

आकडे काय सांगतात?

अभियंते स्प्रिंगचा कडकपणा नुसता मोजत नाहीत. त्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा खालीवर होईल, म्हणजेच तिची कंपनसंख्या किती, हे पाहतात. साधारण कौटुंबिक गाडीत ही संख्या १ ते १.३, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये सुमारे १.५ ते १.८, तर शर्यतीच्या गाडीत २ किंवा त्याहून अधिक असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका चाकावरील स्प्रिंगवर २५० किलो वजन येते. कंपनसंख्या १.५ हवी असेल, तर त्या वजनाखाली स्प्रिंग सुमारे ११० मिलिमीटर दबली पाहिजे. म्हणजे कडकपणा मिलिमीटरला सुमारे २.३ किलो. कंपनसंख्या २ हवी असेल, तर दाब केवळ ६२ मिलिमीटर आणि कडकपणा सुमारे ४ किलो. कंपनसंख्या एकतृतीयांशाने वाढविण्यासाठी कडकपणा पाऊणपटीने वाढवावा लागतो, हे ध्यानात घ्यावे.

हा हिशेब चाकापाशी लागणाऱ्या कडकपणाचा आहे. स्प्रिंग चाकापासून आत बसविलेली असेल आणि चाक १० मिलिमीटर हलल्यावर ती ७ मिलिमीटरच दबत असेल, तर ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९, या संख्येने भागावे लागते. वरील २.३ किलोच्या जागी मग सुमारे ४.७ किलोची स्प्रिंग लागते. त्यामुळे मित्राच्या गाडीतील आकडा आपल्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

मागची चाके उंचवट्यावर पुढच्यांनंतर येतात. म्हणून मागची कंपनसंख्या किंचित जास्त ठेवली, तर पुढे-मागे डोलणारी गाडी लवकर सावरते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत मांडलेले हे तत्त्व आजही मानले जाते.

गतिरोधकाची कसोटी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. प्रत्यक्षात त्याहून आखूड आणि टोकदार गतिरोधक आपल्याला पदोपदी भेटतात. चाकाला वर सरकण्यास मुळात ८० मिलिमीटर वाव असेल आणि गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली, तर निम्मा वाव तेथेच संपतो. मग चाक रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि त्या क्षणी स्प्रिंग जणू नसतेच.

स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली बसविण्याचा उपाय म्हणूनच घातक आहे. सहा कार्यरत वेटोळ्यांपैकी एक कापले, तर कडकपणा केवळ २० टक्क्यांनी वाढतो. पण वाव मोठ्या प्रमाणात घटतो आणि चाक लोंबकळताना स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटू शकते.

मग काय निवडावे?

कलणे कमी करायचे असेल, तर स्प्रिंगेऐवजी आधी अँटी-रोल बारचा विचार करावा. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली, तर तो फारसा आड येत नाही. स्प्रिंग बदललीच, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरही तिला अनुरूप घ्यावेत. अन्यथा गाडी उसळतच राहते. १९६२ मध्ये आलेली लोटस एलान ही गाडी तुलनेने नरम स्प्रिंगा आणि योग्य शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या मेळामुळेच वळणांवरील पकडीसाठी नावाजली गेली.

कायद्याची बाजूही विसरू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर निर्बंध घालते. त्यामुळे बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे आणि विमा कंपनीला कळविणे हिताचे.

आपण रोज ज्या वाईटात वाईट रस्त्याने जातो, तेथे दोन माणसे आणि सामान घेऊन जाताना गाडी तळाला न आदळता जाऊ शकेल, अशी नरमात नरम स्प्रिंग निवडावी. पन्हाळ्याच्या ओल्या घाटात गाडी किती ताठ उभी आहे, यापेक्षा तिची चारही चाके जमिनीला टेकलेली आहेत की नाहीत, हेच महत्त्वाचे ठरते.