रोह्याच्या परसातील गुलाबाचे स्थलांतर: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

घराला नवी पडवी काढावयाची असते, शेजारच्या फणसाची सावली दरसाल लांबत जाऊन फुलांच्या वाफ्यावर येऊन ठेपलेली असते, किंवा वडिलार्जित घराची वाटणी होऊन परसाचे दोन भाग पडलेले असतात. अशा एखाद्या कारणाने चांगला वाढलेला, वर्षानुवर्षे फुललेला गुलाब मुळासकट उचलून दुसऱ्या जागी नेण्याचा प्रसंग रोह्यातील पुष्कळ घरांत येतो, आणि तो आला म्हणजे सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. हे सल्ले सद्भावनेचे असतात यात शंका नाही; परंतु त्यांतील कित्येक आंब्याच्या कलमाच्या अनुभवावरून, कित्येक पुण्याच्या बागांवरून आणि कित्येक थंड मुलुखातील पुस्तकांवरून जसेच्या तसे उचललेले असल्यामुळे, आपापल्या ठिकाणी ते खरे असले तरी रोह्यात, कुंडलिका नदीच्या काठी, लागू पडतातच असे नाही. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले, आणि त्यांनी केंब्रिज येथे १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले. अशा गावाने तरी झाडांच्या बाबतीत केवळ ऐकीव गोष्टींवर हवाला ठेवू नये.

प्रथम मूळ कारण ध्यानात घेतले पाहिजे. झाड उकरताना जी जाड मुळे दिसतात ती मुख्यतः आधाराची आणि साठ्याची असतात. पाणी शोषण्याचे काम कोवळ्या मुळांच्या टोकांजवळील केसासारखे सूक्ष्म तंतू करतात, आणि कितीही जपून खणले तरी त्यांतील बहुसंख्य तुटतात. पानांतून बाष्परूपाने पाणी जाणे मात्र थांबत नाही. आवक बंद आणि खर्च चालू, अशी झाडाची स्थिती होते. आणि हा जमाखर्च पुन्हा जुळेपर्यंत झाडाला सांभाळणे एवढाच स्थलांतराच्या सर्व विद्येचा मथितार्थ आहे.

गैरसमज १: मृगाचा पाऊस पडला की गुलाब हलवावा, पावसात लावलेले सारे जगते.

वस्तुस्थिती: आंबा, काजू, नारळ यांची रोपे पावसाच्या प्रारंभी लावण्याचा कोकणचा रिवाज योग्य आहे, पण गुलाबाला तो लागू करणे धोक्याचे आहे. या भागात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. खड्ड्यातील भुसभुशीत माती पाण्याने भरून राहते, मुळांना हवा मिळत नाही, आणि तुटलेल्या मुळांच्या जखमा भरून येण्याऐवजी कुजू लागतात. शिवाय गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजण्यासाठी पान सुमारे ७ तास सलग ओले राहिले तरी पुरते. आषाढात ते दिवसचे दिवस ओलेच असते. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून तेथील बागाईतदार जूनमध्ये गुलाबाची जी कामे निर्वेधपणे करतात, ती पाहून आपण आपले पंचांग ठरवू नये. रोह्यात योग्य काळ म्हणजे पाऊस संपून, आश्विनाचे कडक ऊन सरून, रात्री गार होऊ लागल्यानंतरचा, म्हणजे साधारणतः नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा. तेव्हा हलविलेल्या झाडाला पुढच्या मृगापूर्वी मुळे धरण्यास सुमारे सहा महिन्यांची सवड मिळते.

गैरसमज २: जुना गुलाब हलविला की मरतो.

वस्तुस्थिती: वयापेक्षा पद्धत महत्त्वाची असते. हलविण्यापूर्वी एक-दोन दिवस झाडाला भरपूर पाणी द्यावे, म्हणजे माती मुळांना धरून राहते. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून, चार-पाच जोमदार फांद्या राखून त्यांची उंची निम्म्यावर आणावी. अशाने पानांचा खर्च मुळांच्या ऐपतीइतका उतरतो. याहून फार खोल छाटणी मात्र करू नये, कारण नव्या मुळांसाठी लागणारे अन्न फांद्यांतील साठ्यातून आणि उरलेल्या पानांतूनच यावयाचे असते. छाटलेल्या टोकांना बोर्डो मलम लावावे. कोळेरोगासाठी सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रण फवारले जात असल्याने त्यासाठी लागणारे मोरचूद आणि चुना कोकणात नवखे नाहीत. त्यानंतर खोडापासून सुमारे एक फुटावर चहूकडे चर खणून, पहारीने खालून उचलून, मातीची हुंडी फुटू न देता ती गोणपाटात सुतळीने बांधावी. नवा खड्डा आदल्या दिवशीच तयार असावा. मुळे उघडी ठेवून मग जागेची तजवीज करीत बसणे, हेच बहुतेक मृत्यूंचे खरे कारण असते.

गैरसमज ३: जेथे पूर्वी गुलाब चांगला होता तीच जागा नव्या गुलाबाला उत्तम.

वस्तुस्थिती: ही समजूत तर्काला पटण्याजोगी असूनही खरी नाही. अनेक वर्षे गुलाब असलेल्या मातीत दुसरा गुलाब लावला असता तो खुरटतो, असा जगभरच्या गुलाबप्रेमींचा अनुभव आहे. जुन्या मुळांवर पोसलेल्या बुरशी आणि सूत्रकृमी त्याला कारण मानल्या जातात. दुसरी जागा नसेलच, तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल माती काढून तेथे परसाच्या दुसऱ्या भागातील माती भरावी. काढलेली माती भाजीच्या वाफ्यात खुशाल वापरावी.

गैरसमज ४: तांबड्या, जांभ्याच्या मातीत गुलाब येत नाही, नदीकाठची काळसर माती आणून भरावी.

वस्तुस्थिती: जमाबंदीच्या जुन्या व्यवहारात या मुलखातील जमिनीचे वरकस, गोडी आणि खारी असे जे भेद केले जात, ते गुलाबासाठीही उपयुक्त आहेत. वरकसाची, म्हणजे डोंगरउताराची, तांबडी माती किंचित आम्ल असते आणि किंचित आम्ल मातीच गुलाबाला मानवते. तिच्यातून पाण्याचा निचरा चांगला होतो. तिची उणीव एवढीच, की ती पाणी आणि अन्न धरून ठेवीत नाही, आणि ही उणीव चांगल्या कुजलेल्या खताने भरून निघते. याउलट गोडी, म्हणजे भातखाचराची, चिकण माती पाणी सोडीत नाही, आणि तिने भरलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा तुंबतो. खाडीलगतची खारी माती तर गुलाबाला मुळीच सोसत नाही. म्हणून पेणच्या खारेपाटात किंवा कुंडलिकेच्या खाडीकडील गावांत ज्यांची घरे आहेत त्यांनी वरकसाची माती आणून जमिनीपासून फूट-दीड फूट उंच वाफा करावा, अथवा मोठी कुंडी पत्करावी. पाण्याचीही खातरजमा करावी. उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीचे पाणी गुलाबास घालू नये.

गैरसमज ५: खड्ड्यात जितके खत अधिक, तितके झाड लवकर सावरते.

वस्तुस्थिती: ताजे शेण कुजताना उष्णता आणि अमोनिया निर्माण होऊन कोवळी मुळे पोळतात, शिवाय असे खत हुमणीसारख्या किडीला आमंत्रण देते. रासायनिक खतांतील क्षार तर उलट मुळांतलेच पाणी बाहेर ओढतात. जखमी मुळांना प्रथम विश्रांती हवी असते, मेजवानी नव्हे. जुने, भुसभुशीत, वास नसलेले शेणखत मातीच्या चौथाईइतके मिसळावे; युरिया किंवा मिश्रखताचा विचार नवी पालवी चांगली पसरल्यावर, म्हणजे दीड महिन्याने करावा.

गैरसमज ६: कलमाचा सांधा मातीत गाडला की झाड बळकट होते.

वस्तुस्थिती: डोळा भरून केलेल्या गुलाबात खाली खुंट एका जातीचा आणि वर फुलणारी फांदी दुसऱ्या जातीची असते. थंड देशांत हिमापासून रक्षण व्हावे म्हणून हा सांधा मातीखाली घेण्याचा प्रघात आहे, आणि तेथे तो योग्यच आहे. रोह्यात हिमाचे भय नाही, ओलीचे आहे. म्हणून सांधा मातीच्या वर दोन इंच राहील असे झाड बसवावे. त्याच वेळी खुंटापासून आलेले फुटवे त्यांच्या उगमापाशी ओढून काढावेत. नुसते छाटले तर ते दुपटीने उगवतात. सात दलांचे पान म्हणजे जंगली फुटवा, ही खूणही विश्वसनीय नाही, कारण पुष्कळ लावणीच्या गुलाबांना सात दले येतात. फुटवा सांध्याच्या वरून निघाला की खालून, एवढेच पाहावे.

गैरसमज ७: पाने माना टाकतात म्हणजे पाणी कमी पडले, पाने गळली म्हणजे झाड गेले.

वस्तुस्थिती: लावताच आळे भरून पाणी द्यावे, म्हणजे मातीतील पोकळ्या बुजतात, त्यानंतर मात्र बोट दोन इंच मातीत घालून ती कोरडी लागली तरच द्यावे. दुपारी कोमेजलेले झाड संध्याकाळी ताठ होत असेल, तर त्याला पाणी नव्हे, सावली हवी असते. दहा-पंधरा दिवस नारळाच्या झापांचा आडोसा करावा आणि आळ्यावर भाताचा पेंढा पसरावा. पहिल्या पंधरवड्यात पाने पिवळी होऊन गळणे हे झाडाने स्वतःच केलेले खर्चकपातीचे काम आहे. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, आणि त्याला उकरून मुळे तपासण्याचा मोह आवरला पाहिजे.

नवी पालवी येऊन पहिल्या कळ्या धरल्या म्हणजे आनंद होणे स्वाभाविक आहे, तरी त्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडाव्यात, कारण फूल घडविण्यास लागणारे बळ त्या वेळी मुळांना अधिक हवे असते. ज्यांनी गुलाब हलविण्याचे ठरविले आहे त्यांनी निदान सहा तास ऊन मिळणारी जागा हेरून, पावसाळ्यात तेथे पाणी साचते की वाहून जाते हे एक वर्षाकाल स्वतः पाहावे आणि दिवाळीनंतर कुदळ हाती घ्यावी. एवढी निगराणी केली तर फूल नसलेला एक मोसम सोडून दुसरे काही गमवावे लागण्याचे कारण उरत नाही.