विश्लेषण : थंडीने चरबी जळते, उन्हाळ्यात वितळते? तापमान आणि चयापचयाचे गणित काय सांगते?

समाजमाध्यमांवर बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात बसलेल्यांच्या चित्रफिती गाजत आहेत. दुसरीकडे मे महिन्याच्या उकाड्यातही पोटाला घामाचा पट्टा बांधून चालणारे प्रत्येक बागेत दिसतात. दोघांचा समज एकच, तो म्हणजे तापमान बदलले की चरबी कमी होते. यातला एक समज अर्धा खरा आहे आणि दुसरा जवळपास पूर्ण चुकीचा. बाहेरच्या तापमानाचा शरीरातील चरबीवर आणि चयापचयावर परिणाम होतो, याचे भक्कम पुरावे गेल्या १५-१६ वर्षांत मिळाले आहेत. मात्र तो परिणाम वजनकाट्यावर कमी आणि रक्तातील साखरेवर अधिक दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे हा विषय भारतीयांसाठी नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

शरीर आपले तापमान कसे राखते?

बाहेर ४२ अंश असो वा ५ अंश, शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपासच राहावे लागते. हृदय, मेंदू, यकृत यांचे काम चालू असताना उष्णता आपोआप तयार होते. अंगावर कपडे नसतील तर साधारण २८ ते ३२ अंशांच्या हवेत ही उष्णता पुरेशी ठरते आणि शरीराला वेगळे कष्ट करावे लागत नाहीत. कपडे घातले की ही मर्यादा आणखी खाली सरकते.

हवा त्याहून गार झाली की शरीर आधी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे उष्णता बाहेर जाण्याचे प्रमाण घटते. तेवढ्याने भागले नाही तर जास्तीची उष्णता तयार करावी लागते. त्याचे दोन मार्ग आहेत. एक सर्वांच्या परिचयाचा, म्हणजे कुडकुडणे. स्नायू थरथरतात, इंधन जळते, ऊब मिळते. दुसरा मार्ग न कुडकुडता उष्णता निर्माण करण्याचा. तेथे तपकिरी चरबीची भूमिका सुरू होते.

तपकिरी चरबी म्हणजे काय?

पोट, कंबर, मांड्या येथे साठते ती पांढरी चरबी. ती ऊर्जेचे कोठार आहे. तपकिरी चरबीचे काम याच्या उलट, ती ऊर्जा खर्च करते. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींमधली ऊर्जाकेंद्रे, खच्चून भरलेली असतात. त्यांतील लोहामुळे तिला तपकिरी रंग येतो. स्विस निसर्ग अभ्यासक कॉनराड गेस्नर यांनी १५५१ मध्येच मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यात अशा ऊतीची नोंद केली होती. मात्र ती नेमकी उष्णता कशी तयार करते, हे उलगडायला १९७० चे दशक उजाडले. या पेशींत यूसीपी-१ नावाचे प्रथिन असते.

त्याचे काम समजून घ्यायला धरणाचे उदाहरण उपयोगी पडते. कोयनेचे पाणी जनित्रांवरून सोडले की वीज मिळते. एरवी पेशींतही असेच होते, अन्नातील ऊर्जेपासून पेशीला वापरता येईल असे इंधन तयार होते. यूसीपी-१ म्हणजे जनित्र टाळून पाणी सोडणारा दरवाजा. इंधन तयार न होता सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. थंडी जाणवली की मेंदूकडून निघालेले चेतातंतू नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतात आणि हा दरवाजा उघडतो. तपकिरी चरबी मग स्वतःतील मेद जाळते, रक्तातील मेद आणि साखरही ओढून घेते.

प्रौढांमध्ये ती असते, हे केव्हा कळले?

नवजात बाळांना नीट कुडकुडता येत नाही. म्हणून त्यांच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी भरपूर असते. वय वाढते तशी ती नाहीशी होते, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत होते. त्याला धक्का दिला कर्करोगाच्या तपासणीने. पेट-सीटी स्कॅनमध्ये साखर जास्त वापरणाऱ्या पेशी चमकतात. काही रुग्णांच्या मानेत आणि गळ्याजवळच्या हाडांवर दोन्ही बाजूंना सारखीच चमक दिसे. ती गाठ नसे, आणि खोली गार असेल तर ती जास्त दिसे.

२००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात अमेरिका, नेदरलँड्स आणि फिनलंडमधील संशोधकांनी प्रौढांमध्ये सक्रिय तपकिरी चरबी असल्याचे दाखवून दिले. बोस्टनच्या अभ्यासात १९७२ रुग्णांचे स्कॅन तपासले गेले. त्यात ७.५ टक्के स्त्रिया आणि ३.१ टक्के पुरुषांत ती आढळली. हे स्कॅन मुद्दाम थंडी देऊन केलेले नव्हते. मास्ट्रिख्टमध्ये मात्र २४ तरुणांना १६ अंशांत बसवले, तेव्हा २३ जणांत ती सक्रिय झाली. स्थूल तरुणांमध्ये तिची सक्रियता कमी होती.

खोलीचे तापमान बदलून पाहिले तेव्हा काय झाले?

अमेरिकेच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पाच निरोगी तरुणांवर चार महिने प्रयोग झाला. दिवसा त्यांनी नेहमीची कामे करायची, रात्री मात्र ठरावीक तापमानाच्या खोलीत झोपायचे. पहिला महिना २४ अंश, दुसरा १९, तिसरा पुन्हा २४ आणि चौथा २७ अंश. आहारही मोजूनमापून दिला जाई. १९ अंशांच्या महिन्यानंतर तपकिरी चरबीचे प्रमाण ४२ टक्क्यांनी वाढले आणि जेवणानंतर इन्शुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. २७ अंशांच्या महिन्यानंतर हा फायदा नाहीसा झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आकाराने लहान आहे. पण घरातील तापमानाप्रमाणे प्रौढांची तपकिरी चरबी महिन्याभरात वाढते किंवा घटते, हे त्यातून दिसले.

मग वजन का घटत नाही?

बेथेस्डाच्या तरुणांचे वजन चार महिन्यांत बदलले नाही. याचे पहिले कारण प्रमाणात आहे. प्रौढांत तपकिरी चरबी फार तर काहीशे ग्रॅम असते. सौम्य थंडीत ती दिवसाला किती ऊर्जा खर्च करते, याचा एक अंदाज अवघ्या १५ ते २५ किलोकॅलरींचा आहे. एका पोळीतच याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. एक किलो चरबी घटवण्यासाठी मात्र सुमारे ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते.

दुसरे कारण भूक. फ्लोरिडा विद्यापीठाच्या २००५ मधील अभ्यासात काही तरुणांना पाण्यात ४५ मिनिटे सायकल चालवायला लावली. एकदा पाणी २० अंश होते, एकदा ३३ अंश. नंतर समोर अन्न ठेवले तेव्हा गार पाण्यातून आलेल्यांनी ४४ टक्के जास्त ऊर्जेचे अन्न खाल्ले. थंडीत खर्च झालेली ऊर्जा शरीर वसूल करते, ती अशी. हिवाळ्यात डिंकाचे लाडू जास्त जातात, यात नवल नाही.

थंडीने चरबी अजिबात घटत नाही, असेही नाही. जपानमध्ये काही तरुणांना सहा आठवडे रोज दोन तास १७ अंशांत बसवल्यावर शरीरातील चरबीत थोडी घट नोंदली गेली. पण त्यासाठी रोज दोन तास हलके कपडे घालून गारठ्यात बसावे लागते. दोन मिनिटांच्या बर्फस्नानाशी त्याची तुलना होत नाही.

खरा फायदा कशात आहे?

तो साखरेच्या वापरात आहे. मास्ट्रिख्टमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस रोज काही तास १४-१५ अंशांत ठेवले. त्यांची इन्शुलिन संवेदनशीलता सरासरी ४३ टक्क्यांनी सुधारली. विशेष म्हणजे यात तपकिरी चरबीपेक्षा स्नायूंचा वाटा मोठा होता. थंडीमुळे स्नायूंच्या पेशी साखर आत घेण्यास अधिक सज्ज झाल्या होत्या.

न्यूयॉर्कमधील ५२ हजारांहून अधिक रुग्णांच्या स्कॅनचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपकिरी चरबी दिसलेल्यांत टाइप-२ मधुमेहाचे प्रमाण ४.६ टक्के होते, न दिसलेल्यांत ९.१ टक्के. अर्थात तपकिरी चरबीमुळे मधुमेह टळला, की ज्यांची प्रकृती चांगली त्यांच्यातच ही चरबी टिकून राहिली, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. वाढत्या तापमानाबाबतही तसेच. नेदरलँड्सच्या संशोधकांनी अमेरिकेतील १९९६ ते २००९ ची आकडेवारी तपासली, तेव्हा सरासरी तापमान एक अंशाने वाढले की मधुमेहाचे नवे रुग्ण हजारी सुमारे ०.३ ने वाढल्याचे आढळले. हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही.

भारतीयांसाठी हा विषय महत्त्वाचा का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मांडलेली ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीयाची संकल्पना जगभर मान्यता पावली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन सारखे असूनही भारतीयांना मधुमेह लवकर का गाठतो, याचा एक धागा येथे मिळतो.

तपकिरी चरबीतही असाच फरक असेल का? नेदरलँड्समधील लायडन येथे २०१४ मध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या १२ आणि गोऱ्या वंशाच्या १२ सडपातळ तरुणांची तुलना झाली. दक्षिण आशियाई तरुणांत तपकिरी चरबीचे आकारमान ३४ टक्क्यांनी कमी होते आणि ते तुलनेने लवकर कुडकुडू लागले. मात्र नेदरलँड्समध्येच झालेल्या अशा दुसऱ्या एका अभ्यासात तपकिरी चरबीतील हा फरक स्पष्टपणे दिसला नाही. त्यामुळे भारतीयांच्या मधुमेहाचे खापर तपकिरी चरबीवर फोडणे घाईचे ठरेल.

उन्हाळ्यात घामावाटे चरबी जाते का?

नाही. घाम म्हणजे पाणी आणि क्षार. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते, हे खरे. पण ती आधीच तयार झालेली उष्णता असते. तिच्यासाठी चरबी वेगळी जळत नाही. चरबी जळते तेव्हा तिचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार १० किलो चरबीपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते.

घामाचा पट्टा किंवा प्लास्टिकचे जाकीट घालून घटलेले वजन पाणी पिताच परत येते. उलट घाम वाळायला जागाच न राहिल्याने शरीर तापते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असा प्रयोग उष्माघाताला आमंत्रण देणारा आहे. उकाड्यात भूक मंदावते आणि वजन किंचित उतरते, ते खाणे कमी झाल्याने.

मग काय करावे?

थंडीशिवाय तपकिरी चरबी जागवणारे औषध शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मूत्राशयाच्या विकारावरील मिराबेग्रॉन हे औषध मोठ्या मात्रेत दिल्यावर १२ तरुणांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरींनी वाढला. पण हृदयाचे ठोकेही वाढले. वजन कमी करण्यासाठी त्याला मान्यता नाही.

बर्फस्नानाबाबत सावधगिरी आवश्यक आहे. अचानक गार पाण्यात उतरल्यावर रक्तदाब आणि हृदयगती झपाट्याने वाढते. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते. मधुमेहींनीही डॉक्टरांना न विचारता असे प्रयोग करू नयेत.

निरोगी व्यक्तीने हिवाळ्यात पहाटे हलका गारवा अंगावर घेत चालायला हरकत नाही. त्यातला मोठा फायदा चालण्याचा असेल, कारण साखर वापरणारा सर्वात मोठा अवयव स्नायूच आहे. देशात स्टार मानांकन असलेल्या एसींचे मूळ तापमान २०२० पासून २४ अंश ठरवलेले आहे. ते १९ वर आणून वजन घटणार नाही, वीजबिल तेवढे वाढेल. आणि वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी अधिक खरे सांगते. भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन ‘नॉर्मल’ असले तरी रक्तातील साखर तपासून घेणे शहाणपणाचे.