ताऱ्याला जर, गव्हाणीला सूत

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की घराघरांतून नाताळची चाहूल लागते. अंगणात ताऱ्याच्या कंदिलासाठी बांबूच्या कामट्या तासल्या जातात, मुले गोठ्यासाठी माती आणि गवत गोळा करू लागतात, स्वयंपाकघरात फराळाचा बेत ठरतो. याच दिवसांत, दुपारची कामे आटोपल्यावर, हौशी भगिनी सुई-धागा घेऊन बसतात. जाळीच्या ताठ कापडावर एकेक घर मोजून भरलेले, तळहातावर मावेल एवढे एखादे शोभाचित्र नाताळच्या झाडावर किंवा गोठ्याच्या कमानीला टांगले म्हणजे फार शोभते. त्यात गोठा असतो, देवदूत असतो, मेंढरू किंवा तारा असतो.

मात्र हात बसलेला असूनही हे चित्र पुष्कळदा फसते. टाके सारखे आहेत, धागा किमती आहे, रंग ताजे आहेत. तरीही दोन हातांवरून पाहिले तर बाळ येशू कोठे आहे, हे उमगत नाही. याचे कारण बहुधा एकच असते. जेवढे टाके येतात आणि जेवढे चकचकीत धागे मिळतात, तेवढे सगळे त्या तीन इंचांच्या चौकोनात कोंबलेले असतात. टाका आणि धागा निवडावयाचा म्हणजे पाहणाऱ्याची नजर कोठे थांबावी, हे आधी ठरवावयाचे. ते ठरले की बाकीच्या गोष्टी आपोआप सुचू लागतात.

पहिला विचार कापडाचा. कॅनव्हासची जाळी इंचाला किती घरांची आहे, यावर सर्व काही अवलंबून असते. तीन इंचांचा चौकोन इंचाला १० घरांच्या जाळीवर भरला, तर ९०० टाके पडतात. १३ घरांच्या जाळीवर १,५२१ आणि १८ घरांच्या जाळीवर २,९१६. हा हिशेब पाहून कोणीही जाड जाळीच पसंत करील. पण बाळाचा चेहरा अर्ध्या इंचाचा धरला, तर जाड जाळीवर त्याला अवघी ५ घरे मिळतात. पाच घरांत डोळे, नाक व हसू कसे बसवावयाचे? १८ च्या जाळीवर तीच जागा ९ घरांची होते आणि चेहऱ्याला थोडा तरी आकार येतो. म्हणून ज्यांना गोठ्याचा प्रसंग भरावयाचा आहे, त्यांनी बारीक जाळी घ्यावी आणि काम आगमनकाळापूर्वीच हाती घ्यावे. ज्यांच्यापाशी वेळ थोडा आहे, त्यांनी जाड जाळीवर नुसता तारा किंवा एकच मेंढरू भरावे. अर्धवट राहिलेल्या गोठ्यापेक्षा पुरा झालेला तारा केव्हाही बरा.

बेळगाव-धारवाडकडील भगिनींना हे मोजमाप परके वाटणार नाही. त्या भागातील कसुती हीदेखील कापडाचे धागे मोजूनच काढतात, आणि तीत गाठ मारीत नाहीत. तिच्यातील मेंथी म्हणजे आपली फुली. मेथीच्या दाण्यावरून तिला ते नाव पडले. कसुती जिच्या बोटांत आहे, तिला कॅनव्हासचे काम शिकावयास आठ दिवसही लागू नयेत. फरक एवढाच की कसुतीत कापड मोकळे राहते व नक्षी उठते. येथे जाळीचे एकही घर उघडे राहता कामा नये.

आता टाक्यांकडे वळू. या कामाचा पाया म्हणजे एका घरावरून तिरका जाणारा, डावीकडे खालून उजवीकडे वर चढणारा छोटा टाका. तो घालण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. अर्ध्या फुलीप्रमाणे आडव्या ओळीने घातला तर धागा सर्वांत कमी लागतो, पण मागची बाजू विरळ राहते. शिवाय एकेरी धाग्यांच्या सुट्या जाळीवर असे टाके सरकतात. मागून लांब तिरका फेर देऊन आडव्या ओळीने भरले, तर पाठ भरीव होते, मात्र कापड एका बाजूस ओढले जाते व चौकोनाचा तिरपा पतंग होतो. तिसरी तऱ्हा कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, तिरक्या ओळींनी भरण्याची. तिची पाठ विणलेल्या टोपलीसारखी दिसते, धागा अधिक लागतो; पण कापड सर्वांत कमी वाकते. आकाश, भिंत अशी मोठी जागा भरताना धाग्याची काटकसर करू नये व हीच तऱ्हा धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चेहरे, हात आणि बाळाचे अंग यांनाही साधा तिरका टाकाच हवा.

शोभेच्या टाक्यांची संख्या मोठी आहे. विटांच्या थरांसारखा उभा टाका गोठ्याच्या शाकारणीला फार छान दिसतो. दोऱ्याचे फेर घेऊन केलेला गाठीचा टाका मेंढराच्या लोकरीसाठीच जणू निर्माण झाला आहे. लहानमोठ्या तिरक्या टाक्यांनी बनणारी चौकट भिंतीला किंवा चित्राच्या किनारीला शोभते. पण अशा टाक्याची नक्षी डोळ्यांत भरण्यासाठी तिची दोनतीन आवर्तने तरी व्हावी लागतात. तीन घरांची चौकट चार घरांच्या बाहीत भरू गेले, तर ती कडेला मोडते आणि नुसता गोंधळ दिसतो. जागा लहान असेल तेथे साधा टाका आणि एका चित्रात शोभेचे टाके फार तर दोन, एवढे पथ्य पाळावे. सगळी मेंढरे गाठींची, छप्पर विटांचे, आकाश चौकटींचे आणि गवत लांब टाक्यांचे असे केले, की पाहणाऱ्याला बाजारात उभे राहिल्यासारखे होते.

धाग्यांच्या बाबतीत हेच अधिक खरे आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तेव्हा तेथे गवत होते, एक बैल आणि एक गाढव होते. प्रभू केवढ्या गरिबीत जन्मास आला, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे म्हणून त्यांनी ते केले. २०२३ साली त्या गोष्टीला ८०० वर्षे पूर्ण झाली. असे असता आपण गव्हाणीतले गवत सोनेरी जरीने भरावे काय? गवत पिवळट, थोडे मळकट सुताचेच असावे. दोन छटा घेऊन लहानमोठे उभे टाके टाकले की ते खरे दिसते. गाढवाला उरलीसुरली राखाडी लोकर चालेल. विणकामाची लोकर घरांतून ओढताना झिजते, म्हणून तिचा तुकडा वीतभरच घ्यावा. बाळाला ज्यात गुंडाळले ते वस्त्र शुभ्र सुताचे, आणि त्याच्या अंगाचा रंग आपल्या घरच्या लेकरांसारखा गव्हाळ ठेवला तर कोण नाही म्हणणार?

पवित्र मरीयेच्या निळ्या ओढणीला मात्र थोडी चमक असावी. त्यासाठी रेशीम परवडलेच पाहिजे असे नाही. सहा पदरांच्या सुती लडीलाही सुरेख तकाकी असते. जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाने १८५० साली सुतावर क्षाराची प्रक्रिया करण्याचे पेटंट घेतले आणि १८९० च्या सुमारास होरेस लो याने तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा ही तकाकी सुताला लाभली. १८ च्या जाळीवर या लडीचे तीन किंवा चार पदर पुरतात, १३ च्या जाळीवर सहाही लागतात. पदर एकदम ओढून काढू नयेत. एकेक सुटा करून पुन्हा शेजारी-शेजारी जुळवावा, म्हणजे पीळ जातो व जाळी नीट झाकली जाते. सुई बोथट टोकाचीच घ्यावी. १८ च्या जाळीला २२ नंबरची, १३ ला २० ची व १० ला १८ ची.

राहता राहिली जर. तिची जागा ताऱ्यात, बाळाच्या प्रभावलयात आणि फार झाले तर मागी लोकांच्या हातांतील सोन्याच्या भेटीत. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या वास्तूत असलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात उपासनेची जुनी वस्त्रे जपून ठेवलेली आहेत. अशा वस्त्रांवरील सोन्याच्या कामात धातूची तार कापडातून आरपार ओढीत नसत. ती वर ठेवून बारीक रेशमाने टाचीत. आपले जरदोजीचे कारागीरही हेच करतात. याचे कारण उघड आहे. घरांतून वारंवार ओढली की जर खरवडते व तिचे सोने विस्कटते. म्हणून ताऱ्याची किरणे जर वर ठेवून, पिवळ्या एका पदराने टाचून घ्यावीत. जर सुईतूनच भरावयाची असेल, तर तुकडा आखूड घ्यावा आणि सगळ्यांत शेवटी भरावी, म्हणजे हाताच्या घामाचा स्पर्श कमी होतो.

काही बारीक गोष्टी राहिल्या. रिकाम्या घरातून सुई वर काढावी व भरलेल्या घरात खाली घालावी, म्हणजे आधीचा टाका फाटत नाही. गडद धागा पांढऱ्या भागाच्या मागून ओढून नेऊ नये, तो पुढून दिसतो. लाल व गडद निळ्या धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. रंग सुटला तर तो धागा वापरू नये, कारण वाकलेले काम शेवटी दमट करून, पाटावर टाचण्यांनी चौकोनात ताणून वाळवावे लागते. रात्री काम ठेवताना सुई कापडात टोचून ठेवू नये. कोकणच्या हवेत सकाळपर्यंत गंजाचा डाग पडावयास वेळ लागत नाही.

वाळलेले चित्र पुठ्ठ्यावर बसवावे, मध्ये कापसाचा पातळ थर द्यावा आणि मागे एखाद्या जुन्या मखमलीचा तुकडा शिवावा. टांगण्याचा गोफ उरलेल्या धाग्यांचाच वळावा. मखमल जोडण्यापूर्वी तिच्यावर साल व भरणारीच्या नावाचे आद्याक्षर भरून घ्यावे. एकदा शिवण बसली की ते नीट जमत नाही.