इंजिनाचा कान

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला नॉक सेन्सर नव्हता. ते काम त्यांचा कान करी. बोरघाटात इंजिन ‘नॉकिंग’ करू लागलं, की ते लगेच खालचा गिअर टाकत.

परवा माझ्या गाडीचा सेन्सर बिघडला. ‘राहू द्या साहेब, काही अडत नाही,’ मेकॅनिक म्हणाला. खरंच, गाडी चालली. पण चढावर धापू लागली, पेट्रोलही जास्त पिऊ लागली. सेन्सर सिलिंडरमधल्या अवेळी भडक्याची कंपनं टिपतो आणि गरजेपुरतीच ठिणगी उशिरा पाडायला लावतो. तो नसला, की बहिरा झालेला संगणक सावधगिरी म्हणून सदैवच उशीर करतो. उलट नॉकिंग तसंच चालू राहिलं, तर पिस्टनला भोक पडू शकतं.

आता शेजारच्या सीटवर वडील नाहीत. मी नवा सेन्सर बसवला.