एअर इंडिया आणि आकाशाची वाट

एअर इंडियाच्या सद्यःस्थितीचा परिचय लिहावा अशी संपादकांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम पूर्वेतिहासाचे दप्तर उघडणे प्राप्तच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले. १९५३ साली कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि अखेर कर्जाने वाकलेली ही संस्था २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांच्या स्वाधीन झाली. परंतु माझे मन गुंतले ते या गौरवगाथेत नव्हे, तर डिस्पॅचरच्या मेजापाशी.

उड्डाणापूर्वी हा जमिनीवरचा अधिकारी वाऱ्याचा वेग, प्रवाशांचे व मालाचे वजन, वाटेतील हवामान आणि पर्यायी विमानतळ यांचा मेळ घालून मार्ग व इंधन यांची तजवीज करतो. त्याचे गणित मोठे हट्टी आहे. वाट लांबली की इंधन अधिक भरावे लागते, त्याने विमान जड होते, आणि तो जडपणा वाहण्यासाठीच आणखी इंधन जळते. वजनाची मर्यादा गाठली म्हणजे माल तरी कमी करावा लागतो, प्रवासी तरी, नाहीतर मध्येच कोठे उतरणे भाग पडते.

कंपनीच्या स्पर्धेतील स्थानाचे मर्म याच गणितात आहे. देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा इंडिगोकडे आहे. पश्चिमेचे प्रवासी एमिरेट्स आणि कतार एअरवेज दुबई-दोह्यात विमान बदलवून घेऊन जातात. आखाती कंपन्यांना जे देता येत नाही असे एक बळ मात्र एअर इंडियापाशी आहे, ते म्हणजे भारतातून अमेरिकेपर्यंतचे थेट उड्डाण.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि त्या बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली, तेव्हा आघात नेमका याच बळावर झाला. अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावे लागले. परदेशी कंपन्यांना ती वाट मोकळीच राहिली. नूतनीकरणासाठी ड्रीमलायनर विमाने काढून घ्यावी लागत असल्याने विमानेही अपुरी पडू लागली, आणि १ सप्टेंबर २०२५पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित झाली. इंधन जीएसटीबाहेर असल्याने त्यावर राज्यागणिक निराळा कर, विमानांचे भाडे डॉलरांत, आणि २०२३ साली मागविलेली ४७० विमाने येण्यास अनेक वर्षांचा अवधी, अशी ही चहूकडून कोंडी आहे.

त्यातच १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत कंपनीचे विमान कोसळले आणि त्यातील २४२ जणांपैकी २४१ जण प्राणास मुकले. त्या शोकापुढे बाजारातील वाट्याची चर्चा खुजी वाटते; तरीही प्रवाशाचा विश्वास हेच विमानकंपनीचे खरे भांडवल, हे याच ठिकाणी उघड होते.

शेजाऱ्याचे आकाश आणि तेलाचे भाव कोणत्याही व्यवस्थापनाच्या अंमलाखाली नाहीत. विमानांची निगा, आसनांची अवस्था आणि वेळेचा नेम मात्र आहेत. इंडिगोनेही जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर व ॲमस्टरडॅमची सेवा सुरू केली असून लांब पल्ल्याची एअरबस ए-३५० विमाने मागविली आहेत. भारतीय कंपन्यांपुरती का होईना, थेट उड्डाणाची मिरास एकट्या एअर इंडियाकडे फार काळ राहणार नाही. म्हणून वाट खुली होण्याची प्रतीक्षा करण्यात आता एक दिवसही दवडू नये, आणि जे हाती आहे ते आधी निर्दोष करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.